पहिला चॅनल

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यात पावसाने रात्रभर उसंत घेतली नव्हती. सकाळच्या फेरीला निघालेला एस.टी.चा चालक माळीणपाशी पोचला आणि थबकला. रोज दिसणारं गाव जागेवर नव्हतं. वरचा डोंगर खाली आला होता. दीडशेहून अधिक माणसं त्या चिखलात गेली. माळीण नाहीसं झाल्याची खबर बाहेर पोचली ती त्या चालकामुळे.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुण्यासारख्या शहराच्या जिल्ह्यात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असण्याच्या काळात, एक गाव बुडालं हे कळायला एस.टी.ची वेळ व्हावी लागली. पुढे २०२१ च्या जुलैत तळीये, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकं रात्रीच्या पावसात पायी डोंगर चढून गेली. अशा ठिकाणी पहिला प्रश्न अन्नाचा किंवा औषधाचा नसतो. वर काय झालंय, हे खाली कोण सांगणार, हा असतो.

माळीणनंतरच्या वर्षी मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाची, परीक्षा दिली आणि व्हीयू३ ने सुरू होणारी ओळख मिळवली. हा लेख मात्र माझ्याबद्दल नाही. तो एका चिनी हँडीबद्दल आहे. मुठीत मावणारा, दोन-तीन हजार रुपयांना मिळणारा हा रेडिओ अनेकजण हौसेने घेतात आणि बहुतेकजण अर्धवट भरून ठेवतात. ‘भरणं’ हा आमच्यातला शब्द. रेडिओच्या स्मृतीत चॅनल घालणं म्हणजे रेडिओ भरणं.

भरण्याआधी कायद्याचं बोलते. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी संच परवान्याशिवाय वापरणंच नव्हे, तर जवळ बाळगणंही गुन्हा ठरत आला आहे. मधल्या काळात ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी खेळण्यांसारखे विकले गेले. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. विनापरवाना वापरासाठी ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास एक अरुंद पट्टा मोकळा आहे, पण तो कमी शक्तीच्या, त्याच कामासाठी बनवलेल्या संचांसाठी. आपला हँडी त्यात बसत नाही. तेव्हा आधी परवाना, मग परवाना दाखवून रीतसर खरेदी, मग बटण. हा क्रम उलटा केलेली मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांच्याशी मी रेडिओवर बोलत नाही.

यामागे कागदपत्रांपलीकडचं कारण आहे. बाओफेंग यूव्ही-५आर हा या जातीतला सगळ्यांत ओळखीचा संच २०१२ मध्ये बाजारात आला. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर बोलू शकतो. भारतातल्या हॅमला त्यातले दोनच तुकडे मिळालेत : १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. बाकीच्या जागेत पोलीस आहेत, जहाजं आहेत, रेल्वे आहे, कारखाने आहेत. रेडिओ तुम्हाला अडवत नाही. एक आकडा चुकला की तुमचा आवाज बंदरातल्या पायलटच्या कानात जाऊ शकतो. कारखान्यातून येताना यात चाचणीसाठीचे काही चॅनल भरलेले असतात, तेही बहुधा आपल्या हद्दीबाहेरचे. म्हणून नव्या संचाचं पहिलं काम ते सगळे पुसणं. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने मेळाव्यांत लोकांचे हँडी तपासले, तेव्हा अशा स्वस्त संचांतले बरेच भलत्या फ्रिक्वेन्सींवरही नको इतकी शक्ती सांडताना आढळले. स्वस्त संच वापरणाऱ्याने म्हणूनच जास्त काटेकोर राहावं लागतं.

आता डोंगराकडे वळू, कारण हँडीचा आवाज दूर नेणाऱ्या रिपीटरची सगळी गोष्ट डोंगराची आहे.

या पट्ट्यातल्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. समोर टेकडी आली की थांबतात. अँटेनाला क्षितिज किती दूर दिसतं, याचा एक ढोबळ हिशेब आहे : उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हँडी तोंडाशी धरला की अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर. उत्तर पाच किलोमीटर, तेही मैदान मोकळं असेल तर. शहरातल्या इमारतींत त्याचे दोन-तीनच उरतात. आता तीच अँटेना सिंहगडाच्या माथ्यावर ठेवली आहे असं समजा. पुण्याच्या पातळीपासून ती साधारण साडेसातशे मीटर उंच. उत्तर ११३ किलोमीटर. रेडिओ तोच, बॅटरी तीच. फरक फक्त उंचीचा.

आपल्याला हे नवं नाही. पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण तोफांच्या आवाजाने खिंडीत पोचली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गड उंच होता म्हणून आवाज खिंडीपर्यंत आला. ज्याला उंची नाही त्याच्यासाठी उंचावरच्याने बोलायचं, ही सह्याद्रीतली जुनी रीत आहे.

रिपीटर तेच करतो. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर बसवलेला हा संच एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी, जास्त शक्तीने, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. दोन्ही एकाच वेळी. यातली अवघड गोष्ट इथे आहे. शेजारी कुणी ओरडत असताना दूरची कुजबुज ऐकण्यासारखं हे काम. एकाच अँटेनातून पंचवीस-पन्नास वॅट बाहेर जात असतात आणि त्याच अँटेनात दहा किलोमीटरवरच्या हँडीचा अतिक्षीण संकेत येत असतो. दोघांना वेगळं ठेवायला धातूचे उंच, पोकळ डबे लागतात. त्यांना कॅव्हिटी म्हणतात. ते बारकाईने सुरात लावावे लागतात, जसा तानपुरा लावतात. ऊन-पावसाने सूर हलतो आणि कुणीतरी हॅम स्वतःच्या खर्चाने, सुटीच्या दिवशी वर जाऊन तो पुन्हा लावतो. रिपीटरवर फुकट बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. जगभर १४४ च्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर बहुतेक ठिकाणी सहाशे किलोहर्ट्झ असतं. आपल्याकडेही तेच.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा परवाना आला आणि त्या रविवारी तो हँडी घेऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला.

“मावशी, रिपीटर १४५.६५० वर ऐकू येतो ना? मग मी पण तिथेच बोलतो.”

“ते त्याचं तोंड. त्याचा कान सहाशे किलोहर्ट्झ खाली आहे. तू १४५.०५० वर बोलायचंस.”

“म्हणजे ऐकायचं एकीकडे आणि बोलायचं दुसरीकडे?”

“आणि बटण दाबलं की रेडिओने आपोआप उडी मारायला हवी. तीच त्याला शिकवायची.”

(इथले आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावच्या रिपीटरचे आकडे तिथल्या हॅमकडूनच घ्यावेत. ते बदलतात.)

मी मुद्दाम त्याला संगणक लावू दिला नाही. डोंगरावर संगणक नसतो. जो चॅनल आपल्याला बोटांनी भरता येत नाही तो आपला नव्हे, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा चहा होईपर्यंत आम्ही कळफलकाशीच बसलो.

नारिंगी बटण दाबून आधी फ्रिक्वेन्सी मोडमध्ये यायचं आणि वरच्या ओळीवर राहायचं. खालच्या ओळीवर भरायला गेलं की हा संच मान्य करत नाही. मग मेन्यू ७, टीडीआर, म्हणजे दोन ओळींवर एकदम कान ठेवण्याची सोय. ती बंद. हे का, ते पुढे सांगते. मग ज्या जागी भरायचं ती जागा मेन्यू २८ ने रिकामी करायची. भरलेल्या जागेवर नवं लिहिता येत नाही. मग १४५.६५० टाइप करायचं. मेन्यू २६ मध्ये अंतर लिहायचं : ०००.६००. मेन्यू २५ मध्ये दिशा : वजा. मेन्यू १३ मध्ये टोन.

टोनपाशी भाचा अडला आणि तिथे अडायलाच हवं.

आपण बोलतो तेव्हा आपल्या आवाजाखाली रेडिओ एक मंद, अखंड सूर सोडू शकतो. ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक ठरावीक सूर. ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण संच साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं गाळून मग स्पीकरला देतो. रिपीटर मात्र त्या सुराची वाट पाहत असतो. सूर आला तर दार उघडतं. नाही आला तर तुम्ही कितीही स्पष्ट बोला, तो गप्प. ही गुप्तता नव्हे. आसपासच्या यंत्रांच्या गोंगाटाने किंवा शेजारच्या शहरातल्या बोलण्याने रिपीटर विनाकारण जागा होऊ नये, एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे. यूव्ही-५आर मध्ये या सुराच्या दोन जागा आहेत. मेन्यू १३, टी-सीटीसीएस, म्हणजे मी पाठवायचा सूर. मेन्यू ११, आर-सीटीसीएस, म्हणजे मी ऐकताना मागायचा सूर.

परवाना मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात मी हीच चूक केली होती. सूर तेराऐवजी अकरात भरला. माझा रेडिओ बहिरा झाला आणि रिपीटरसाठी मी मुकी झाले. मी चार दिवस अँटेनाला दोष देत होते. शेवटी एका ज्येष्ठ हॅमने, ज्यांना आम्ही सगळे हॅमच्या रिवाजाने ‘ओएम’ म्हणतो, फोनवर एकच प्रश्न विचारला : “अकरा की तेरा?” त्या दिवसापासून नव्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते.

आता साठवण. मेन्यू २७, चॅनल क्रमांक, पुन्हा मेन्यू. रेडिओतली बाई इंग्रजीत सांगते की ऐकण्याची जागा साठवली. इथे बहुतेकजण खूश होऊन उठतात आणि इथेच फसतात. झालं ते अर्धं काम. बाहेर येऊन तारेची कळ दाबायची. पडद्यावर ‘आर’ उमटतो आणि आकडा उलटून १४५.०५० होतो. पुन्हा मेन्यू २७, पुन्हा तोच चॅनल क्रमांक. आता बाई सांगते की पाठवण्याची जागा साठवली. मग तारेची कळ पुन्हा दाबून पूर्ववत. एकदाच साठवलेला चॅनल रिपीटर ऐकतो, पण त्याच्याशी बोलत नाही.

“दोनदा का साठवायचं?” भाच्याने विचारलं.

“कारण दोन जागा आहेत. तोंड आणि कान.”

त्याने बटण दाबलं, स्वतःची ओळख उच्चारली, ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ आणि पुढची अक्षरं, आणि बटण सोडलं. सेकंदभर मोकळी सळसळ, मग खट्. ती सळसळ म्हणजे रिपीटरची शेपूट. डोंगराने आपल्याला ऐकल्याची ती पोच. मी दहा वर्षं ती ऐकते आहे, तरी त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून मलाच पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

टीडीआर बंद का ठेवायचं, ते त्याच संध्याकाळी कळलं. त्याने हौसेने ते चालू केलं होतं. खालच्या ओळीवर कुणीतरी बोललं, रेडिओ तिकडे वळला, आणि याने बटण दाबून दिलेलं उत्तर वरच्याऐवजी खालच्या फ्रिक्वेन्सीवर गेलं. शांत दिवशी हे चालून जातं. पुराच्या दिवशी पाणी किती चढलं याचा निरोप भलत्याच जागी गेला, तर? मेन्यू ५ मध्ये रुंद-अरुंदची निवड आहे. ती चुकून अरुंद राहिली की आवाज लांबून आल्यासारखा बारीक जातो आणि समोरचा आपल्याला ‘मोठ्याने बोला’ सांगत राहतो. मेन्यू ३९ मधली बोलणं संपल्याची शिट्टी बंद करावी. ती सगळ्यांना त्रास देते.

संगणकाने भरणंही शिकायला हवं, ते मी नाकारत नाही. चर्प नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. डॅन स्मिथ, केके७डीएस, या अमेरिकन हॅमने ते सुरू केलं आणि जगभरच्या हॅमनी त्यात आपापल्या संचांची भर घातली. स्वस्त हँडी वापरण्याजोगा झाला, त्याचं निम्मं श्रेय मी चर्पला देईन. एकशे अठ्ठावीस चॅनल बोटांनी भरायचे तर दिवस जातो. चर्पमध्ये ते तक्त्यासारखे दिसतात, आणि चॅनलला नाव देता येतं, जे कळफलकावरून जमत नाही. नावं रोमन लिपीतच, सात अक्षरांत बसवावी लागतात. वेळ जातो तो केबलमध्ये. स्वस्त केबलमध्ये अनेकदा नकली चिप असते आणि नवं ड्रायव्हर तिला ओळखायला नकार देतं. माझ्या दोन केबल अशा वाया गेल्या. प्लग संचात घट्ट खटकन बसेपर्यंत दाबायचा, हेही कुणी सांगत नाही. सगळ्यांत आधी रेडिओत जे आहे ते संगणकावर उतरवून, ती फाइल हात न लावता बाजूला ठेवायची. बिघडलं तर परतायला जागा राहते. चर्पच्या टोनच्या रकान्यातही तोच अकरा-तेराचा प्रश्न दुसऱ्या नावांनी उभा असतो : ‘टोन’ म्हणजे फक्त पाठवणं, ‘टीएसक्यूएल’ म्हणजे मागणंसुद्धा.

इथपर्यंत बहुतेक सगळे येतात. रिपीटर भरला, शेपूट ऐकू आली, गप्पा सुरू झाल्या. मग रेडिओ टेबलावर राहतो आणि माणसाला वाटतं की आता आपण संकटाला तयार आहोत.

माझं म्हणणं याच्याच विरुद्ध आहे. रिपीटर ही सुखाच्या दिवसांची सोय आहे. तो डोंगरावर एकटा असतो. त्याला वीज लागते, त्याच्यावर वीज पडते, वाऱ्याने अँटेना वाकते, बॅटरी संपते. ज्या वादळाने मोबाइलचे मनोरे जातात त्याच वादळात तोही जाऊ शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत फोन लागेनासे झाले, हे ज्यांनी भोगलं त्यांना समजावून सांगायला नको. शिवाय रिपीटर जिवंत राहिला तरी त्यावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. पन्नास जणांना पन्नास निरोप द्यायचे असतील तर तो अपुरा पडतो.

त्या वेळी उरतं ते सिम्प्लेक्स. माझ्या रेडिओतून थेट तुझ्या रेडिओत. एकच फ्रिक्वेन्सी, अंतर नाही, टोन नाही, मध्ये कुणी नाही. भरायलाही सगळ्यांत सोपं : आकडा टाइप करा, दिशा बंद करा, टोन बंद करा, एकदाच साठवा. आणि एवढं सोपं असल्यामुळेच कुणी ते भरत नाही, भरलं तरी वापरून पाहत नाही. किती जणांचे हँडी मी एकही सिम्प्लेक्स चॅनल नसलेले पाहिले आहेत!

तो वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे भाच्याला दाखवायचं होतं. एका रविवारी तो सिंहगडावर गेला, मी पर्वतीवर. सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर. रिपीटरचा चॅनल दोघांनीही सोडला. मी शक्ती कमीवर आणली, म्हणजे साधारण एक वॅट, हातातल्या टॉर्चएवढी. पर्वतीच्या देवळामागून त्याला हाक दिली. तो इतका स्वच्छ आला की पलीकडे पुणे दरवाजापाशी भजी तळणाऱ्या बाईंचा आवाजही ऐकू आला. मग मी पायऱ्या उतरत, बोलत, सारसबागेच्या बाजूला खाली आले. अर्ध्या पायऱ्यांवर त्याचा आवाज खरखरू लागला. शेवटच्या पायरीवर तो नव्हता. आता पर्वतीची टेकडी आमच्या मध्ये होती. शक्ती पाच वॅटवर नेली, तरीही काही नाही. पन्नास पायऱ्या परत चढले आणि तो पुन्हा हजर.

शक्तीपेक्षा जागा मोठी, हे पुस्तकात वाचून पटत नाही. पायऱ्या चढून पटतं. म्हणून प्रत्येक हॅमने आपल्या परिसरात हे करावं असं मला कळकळीनं वाटतं : कुठल्या गच्चीवरून कुठली टेकडी लागते, कुठल्या वळणावर आवाज जातो, हे चालून लिहून ठेवावं. चिपळूणच्या माणसाला हे माहीत हवं, महाडच्याला हवं, पुण्याच्यालाही हवं. छोटे उपायही तेव्हाच सुचतात. हँडी उभा धरायचा, आडवा नाही. संचाबरोबर आलेली आखूड अँटेना कमजोर असते. तिच्या बुडाशी, संचाच्या धातूला टेकेल अशी साधारण एकोणपन्नास सेंटिमीटरची वायर बांधून खाली लोंबती सोडली की १४५ मेगाहर्ट्झवर आवाजात फरक पडतो. हॅम तिला वाघाची शेपटी म्हणतात. खर्च पाच रुपये.

भारतात हॅम रेडिओ शंभर वर्षांचा आहे. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये कलकत्त्यात ‘टू जेके’ या ओळखीने सुरुवात केली. या शतकात हॅमनी अनेकदा हाक ऐकली. लातूरचा १९९३ चा भूकंप, भूजचा २००१ चा. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद अंदमानात होत्या. एरवी दुर्लभ असलेल्या त्या बेटांवरून जगाशी बोलण्याची ती हौशी मोहीम होती. २६ डिसेंबरला समुद्र आला. त्यांच्याकडे चालू संच होता, अँटेना होती, आणि मुख्य म्हणजे आधीचे कितीतरी दिवस त्या तोच संच चालवत होत्या. हौसेचं केंद्र त्याच दिवशी निरोपांचं केंद्र झालं. मी हे उदाहरण नव्यांना देते ते शौर्यासाठी नाही. लाट आली तेव्हा संच लावायला बसावं लागलं नाही, त्यासाठी देते. (त्यांचं काम शॉर्टवेव्हवरचं होतं, आपल्या हँडीच्या आवाक्यापलीकडचं. पण तयारीची गोष्ट दोन्हीकडे तीच.)

एक आनंदाचा चॅनल मात्र मी प्रत्येकाला भरायला लावते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२० पासून हॅमसाठी रिपीटर आहे. त्याचा कान १४५.९९० वर, टोन ६७ हर्ट्झ, तोंड ४३७.८०० वर. म्हणजे एका पट्ट्यावर ऐकायचं, दुसऱ्यावर बोलायचं. आपल्या हँडीला दोन्ही पट्टे येतात. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. त्यामुळे, जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा चढा लागतो, तशी त्याची फ्रिक्वेन्सी येताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. म्हणून चर्पमध्ये पाच चॅनल ओळीने भरायचे : ऐकण्यासाठी ४३७.८१०, मग .८०५, .८००, .७९५ आणि .७९०. बोलण्याची जागा सगळ्यांत तीच. उगवतीला पहिल्यावर ऐकायला सुरुवात करायची आणि जसं ते सरकेल तसं एकेक खाली उतरायचं. सगळा खेळ दहा मिनिटांचा. डोंगरावरच्या रिपीटरमागे जो हिशेब आहे तोच इथे, फक्त डोंगर फिरता आहे. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला याच स्थानकावरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी हॅम रेडिओवर बोलले. भाच्याला अजून तिथून उत्तर मिळालेलं नाही. रशियन हॅमचे आवाज मात्र त्याने आमच्या गच्चीवर ऐकलेत.

दरवर्षी मृग लागण्याआधी मी हँडी टेबलावर काढते. बॅटरी पूर्ण चार्ज करते, जोडीची दुसरी बॅटरीही. स्थानिक रिपीटरचे आकडे बदलले का, ते विचारते. एका कागदावर पेनाने चॅनलांची यादी लिहून संचाच्या पिशवीत ठेवते. पडदा फुटला तरी ती वाचता येते. आणि शेजारच्या टेकडीवरच्या ओएमना सिम्प्लेक्सवर हाक देते. ते दरवर्षी तेच उत्तर देतात, “आवाज पाच, ताकद सात, सेव्हन्टी थ्री.” सेव्हन्टी थ्री म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा. माझ्या रेडिओत पहिल्या जागेवर रिपीटर नाही. तिथे तोच सिम्प्लेक्स चॅनल आहे. अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना, सगळ्यांत आधी तोच लागावा म्हणून.

ज्यांच्या घरी असा संच परवान्याविना पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे : तो बंद ठेवा आणि आधी परीक्षेला बसा. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरता येतो. वय बारा वर्षं पूर्ण हवं. मर्यादित वर्गाच्या परीक्षेला मोर्स लागत नाही. हँडीसाठी तो वर्ग पुरेसा आहे.